ड्रॅगसाठी टायरची हवा: कोल्हापुरातून निघण्याआधीपासून घरी परतेपर्यंत

ड्रॅगच्या, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्या जागेवरून सुटून पळायच्या शर्यतीच्या, रांगेत उभं असताना शेजारचा खिडकीत वाकून सांगतो, "भावा, पुढची वीसवर आण, चिकटून सुटतीय बघ." आपण लगेच पिन दाबतो आणि फुस्स करून हवा सोडतो. गेज कुणाचं, टायर गार की गरम, त्याच्या गाडीला टायर कुठलं, यातलं काही विचारत नाही. पुढच्या धावेला गाडी एकतर तशीच घसरते, नाहीतर पुढची चाकं थडाथड उड्या मारतात. मग सगळ्यांना सांगत सुटायचं, की हवेनं काय फरक पडत नाही.

फरक पडतो, आणि चांगला पडतो. पण हवा कधी मोजली, कशानं मोजली आणि सोबत आणखी काय बदललं, हे धरून ठेवलं नाही तर तो दिसत नाही. कोल्हापूरकरांना तर ही चैन परवडतच नाही. ड्रॅगसाठी बाहेरगावी जायचं, ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीपर्यंत गाडी न्यायची आणि दिवसभरात मोजक्या धावा मिळायच्या. त्यातल्या दोन अंदाजात घालवल्या तर हाती काय उरलं? म्हणून निम्मं काम इथंच, गॅरेजच्या फरशीवर करून जायचं.

हा लेख रोजच्या वापरातल्या गाड्यांसाठी आहे: स्विफ्ट, पोलो, आय-२०, ऑक्टाव्हिया यांसारख्या पुढून ओढणाऱ्या कार आणि आरएक्स १००, आर १५, ड्यूक यांसारख्या बाइक. ड्रॅग स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर, लावणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, त्याबद्दल मध्ये दोन ओळी येतील.

इशारा: यातलं काहीही बायपासवर, सर्व्हिस रोडवर किंवा एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर करून बघायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्याला उतार असतो, कडेला वाळू असते, ब्रेक मारायला पुरेशी जागा नसते. तिथं मिळालेला हवेचा आकडा पट्टीवर उपयोगाचा नाही.

टप्पा १: साहित्य आधी जमवा

गेज स्वतःचं हवं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच हवं. पेट्रोल पंपाच्या मशीनवर ३० दिसतंय म्हणून तुमच्या गेजवर ३० दिसेलच असं नाही, दोन-तीन पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं एकक) फरक सहज निघतो. तुमचं गेज एक पीएसआय जास्त दाखवत असेल तरी बिघडत नाही, कारण ते दर वेळी तितकंच जास्त दाखवणार. मध्येच दुसऱ्याचं गेज घेतलं की मात्र आधीचे सगळे आकडे बाद.

काट्याचं गेज घ्या, ० ते ६० पीएसआयचं, अर्ध्या पीएसआयच्या खुणा असलेलं आणि हवा सोडायचं बटण असलेलं. काट्याची गेजं मोजपट्टीच्या मधल्या भागात सर्वांत बरोबर असतात. त्यामुळे २०० पर्यंतचं ट्रकचं गेज आणून २६ आणि २७ मधला फरक शोधायला जाऊ नका. पेनासारखं, आतून दांडी बाहेर येणारं गेज घरच्या वापराला ठीक आहे, या कामाला नाही.

बाकी सामान थोडंच आहे: बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर किंवा चांगला पायपंप, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, दोन-चार जादा पिना, पांढरा खडू, साबणाचं पाणी, वही आणि पेन. मोबाइलवर लिहिणारे आहेत, पण उन्हात, काळ्या हातांनी स्क्रीन चालत नाही. थोडे पैसे जास्त घालता येत असतील तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक घ्या. नसली तरी अडत नाही.

नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. खरा प्रश्न ओलाव्याचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असेल तर ते वाफेच्या रूपात टायरात जातं आणि टायर तापला की दाब जास्तच चढतो. पावसाळ्यात आपल्याकडं हा त्रास हमखास. हवा भरायच्या आधी टाकीखालचा नळ सोडून पाणी काढायला सांगा, एवढं पुरे. नायट्रोजनला वेगळे पैसे घालायची गरज मला वाटत नाही.

टप्पा २: टायर या कामाचा आहे का?

टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरला नक्षी कितीही शिल्लक असो, रबर कडक झालेलं असतं आणि हवा कमी करून ते मऊ होत नाही. अशा टायरवर हवेची खटपट करण्याआधी टायरच बदला.

मग बाजूच्या भिंती हातानं चाचपा. फुगवटा, चीर, आतली दोरी दिसणारा काप, यातलं काही सापडलं तर तो टायर कमी हवेवर पळवायचा नाही. रिमच्या कडा बघा. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी अलॉयची कड वाकलेली नसेल तर तुम्ही नशीबवान. कडेला आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. रात्री भरलेली हवा सकाळी एक पीएसआयनं उतरत असेल तर पट्टीवर काय बदललं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

पंक्चर टाळायला टायरात जेल घालायची पद्धत बाइकवाल्यांत फार आहे. ते काढून टाका. चाकाचा तोल जातो आणि व्हॉल्व्हमध्ये चिकटून गेजचा काटा भलतंच दाखवतो.

तपासणी: चारही व्हॉल्व्हला टोप्या आहेत का? धूळ बसलेली पिन हवा सोडल्यावर नीट बंद होत नाही, आणि तुम्हाला वाटतं टायर गार झाला म्हणून दाब उतरला.

टप्पा ३: फरशीवर ठसा घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. खरं तर यातच सर्वांत जास्त कळतं, आणि पट्टीवरची एकही धाव खर्च होत नाही.

टायर जमिनीला जिथं टेकतो तो भाग कारमध्ये साधारण तळहाताएवढा. गाडीची सगळी पकड त्या तळहातांवर. हवा जास्त असेल तर टायरचा मधला भाग फुगून टेकतो आणि कडा अधांतरी राहतात. हवा कमी करत गेलं की कडा खाली येतात, ठसा लांब होतो. आणखी कमी केली की वजन कडांवर जातं आणि मधला भाग आत वाकून उचलल्यासारखा होतो. आपल्याला हवाय तो दाब, जिथं ठसा कडेपासून कडेपर्यंत सारखा उमटतो. तो तुमच्या टायरला, तुमच्या रिमच्या रुंदीला आणि तुमच्या गाडीच्या वजनालाच लागू. म्हणून मित्राचा आकडा चालत नाही.

करायचं असं. सपाट फरशी बघा. उद्यमनगरात ओळखीचं वर्कशॉप असेल तर उत्तम, नाहीतर घरचं पार्किंग. गाडीत शर्यतीला असेल तेवढंच पेट्रोल ठेवा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. ओढणारं एक चाक जॅकवर उचला, नक्षी पुसून कोरडी करा. गेरू पाण्यात दाटसर कालवून ब्रशनं नक्षीच्या वीतभर भागावर लावा, तो भाग खाली आणा आणि खाली पांढरा कार्डशीट ठेवा. गेरू वाळायच्या आत गाडी हळूच खाली सोडा. तुमच्या वजनाचा माणूस ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, मग गाडी परत उचला आणि कागद काढून घ्या. गाडी नुसत्या जॅकवर असताना कुणी खाली वाकायचं नाही, कागद बाजूनं सरकवायचा.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो दाब लिहिलाय तिथून सुरू करा. बहुतेक हॅचबॅकना तो ३० ते ३५ च्या दरम्यान असतो. मग ३०, २८, २६, २४. प्रत्येक कागदावर आकडा लगेच लिहा, पाच कागद जमिनीवर मांडल्यावर कुठला कुठला ते आठवत नाही.

आता कागद शेजारी ठेवून बघा. ३३ वर कडेचे ठोकळे फिक्के आणि मधली पट्टी गडद लाल. २८ च्या आसपास कडेचे ठोकळे भरू लागतील. एका कागदावर सगळे ठोकळे सारखे लाल दिसतील. त्याच्या पुढच्या कागदावर मधले ठोकळे फिकट, कडा गडद. सारखा ठसा ज्या आकड्यावर आला त्याच्या वर २ आणि खाली २, एवढ्याच पट्ट्यात तुम्हाला पट्टीवर शोधायचंय.

एक लक्षात ठेवा, हा उभ्या गाडीचा ठसा आहे. सुटताना वजन मागं जातं, पुढून ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं हलकी होतात. म्हणून हा आकडा शेवटचा नाही, शोध कुठून सुरू करायचा ते सांगणारा आहे.

इशारा: रस्त्याच्या रेडियल टायरवर कारला २४ च्या खाली आणि बाइकच्या मागच्या चाकाला २० च्या खाली मी कुणालाच पाठवणार नाही. साध्या रिमवर टायरची कड सुटण्याची भीती असते, आणि पट्टीच्या शेवटी दीडशेच्या वेगात ब्रेक मारताना सुटली तर काय होईल ते सांगायला नको. ड्रॅग रेडियल, म्हणजे ड्रॅगसाठीच बनवलेले मऊ रबराचे टायर, यापेक्षा कमी हवेवर चालतात, स्लिक त्याहून कमी. त्यांच्यासाठी कंपनीनं दिलेलाच दाब धरायचा, आणि रिमवर टायर फिरू नये याचा बंदोबस्त लागतो. पुढं रेडियल, मागं स्लिक अशी खिचडी जाणकाराला विचारल्याशिवाय करू नका.

टप्पा ४: खडूची रेघ

निघायच्या आदल्या दिवशी ओढणाऱ्या प्रत्येक चाकावर रिमच्या कडेपासून टायरच्या भिंतीवर एक सरळ रेघ ओढा. व्हॉल्व्हच्या समोरच ओढा म्हणजे शोधावी लागत नाही. धाव झाली की रेघ बघायची. रिमवरचा तुकडा आणि टायरवरचा तुकडा एका ओळीत असतील तर ठीक. बोटभर सरकले असतील तर टायर रिमवर फिरलाय. हवा कमी झालीय, लगेच २ पीएसआय वाढवा.

आरएक्सवाल्यांनी हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. तिथं ट्यूब असते. टायर फिरला की ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला. आधी व्हॉल्व्ह तिरका होतो, मग बुडाशी फाटतो, आणि हवा एका क्षणात जाते. उभ्या बाइकवर व्हॉल्व्ह तिरका दिसला तर त्या ट्यूबवर पुढची धाव घ्यायची नाही.

टप्पा ५: प्रवास पूर्ण हवेवर

गाडी चालवत नेणार असाल तर स्टिकरवरचा दाब भरून निघा. "तिथं परत कोण सोडत बसणार" म्हणून घरूनच २६ करून हायवेला लागणं म्हणजे टायर मारायचा धंदा आहे. कमी हवेवर भिंती सतत वाकतात, तापतात, आणि कराड-सातारा ओलांडेपर्यंत टायरचं आयुष्य कमी झालेलं असतं.

पोचल्यावर लगेच गेज लावू नका. हायवेवरून आलेल्या टायरात दाब चार-पाच पीएसआय चढलेला असतो. सावलीत किमान दोन-तीन तास गाडी उभी करा. आदल्या रात्री जाऊन मुक्काम करणं सगळ्यात सोपं.

तापमानाचा हिशेब एकदा समजून घ्या, पुढं सगळीकडे लागेल. ३० पीएसआयच्या आसपास दर १० अंश सेल्सिअसला दाब साधारण दीड पीएसआय बदलतो. समजा सकाळी १६ अंशाला तुम्ही २८ लावलं. दुपारी सावलीतच ३४ अंश झाले, तर गाडी न हलवता गेज साडेतीस दाखवेल. हवा कुणी भरली नाही, तरी आकडा बदलला. थंडीतल्या शर्यतींना सकाळ-दुपारचा एवढा फरक नेहमीचा आहे.

उंचीनंही थोडा फरक पडतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलात तर तापमान तेच असूनही गेज जवळजवळ एक पीएसआय कमी दाखवेल. बाहेरच्या हवेचा दाब वाढलेला असतो, टायर गळत नसतो.

टप्पा ६: मोजायची जागा ठरवा

मोजायची जागा म्हणजे रांगेतली जागा. बर्नआउटच्या (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर साफ करण्याच्या) आधी, पुढं दोन किंवा तीन गाड्या असताना, दर वेळी तिथंच गेज लावायचं. दोन धावांमध्ये थांबायचा वेळही शक्यतो सारखा ठेवा, अर्धा-पाऊण तास. एकदा दहा मिनिटांत परत रांगेत आणि एकदा दोन तासांनी, असं केलं तर दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

ऊन एका बाजूनंच लागतं, हे लोक विसरतात. गाडी उत्तर-दक्षिण उभी असेल तर दुपारनंतर पश्चिमेकडची चाकं तापतात आणि त्या बाजूला दाब एक-दीडनं जास्त दिसतो. घाईनं तेवढी हवा सोडली की पट्टीवर दोन्ही चाकं सारख्या तापमानाला आल्यावर ती बाजू मऊ पडते आणि गाडी सुटताना एकीकडे ओढते. उन्हाकडच्या चाकांवर पांढरा कपडा टाका. गोधडी नको, ती उलट गरम धरून ठेवते.

टप्पा ७: पहिली धाव काही न बदलता

ओढणाऱ्या चाकांत स्टिकरचा दाब, बाकी गाडी जशी आहे तशी. ही धाव वाया गेली असं वाटेल, पण पुढचं सगळं हिच्याशीच ताडून बघायचं आहे.

धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर बघायचा आकडा ६० फुटांचा, म्हणजे पहिल्या १८.३ मीटरचा वेळ. हवेचा परिणाम सगळ्यात आधी तिथं दिसतो. पाव मैलाचा, म्हणजे पूर्ण धावेचा, एकूण वेळ गिअर चुकल्यानं, वाऱ्यानं, इंजिन तापल्यानंही बदलतो. रिॲक्शन टाइमशी (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतच्या वेळेशी) तर हवेचा काही संबंध नाही. घड्याळ गाडी जागची हलल्यावर सुरू होतं, दिवा हिरवा झाल्यावर नाही. तिथं उशीर झाला तर शर्यत हराल, पण वेळ बिघडत नाही.

स्लिपवर ६० फूट छापून येत नसेल तर आयोजकांनी परवानगी दिलेल्या जागेवरून मित्राला व्हिडिओ घ्यायला सांगा, सेकंदाला ६० फ्रेमवर. पट्टीशेजारी १८ मीटरच्या आसपास एखादी पक्की खूण धरा. गाडी हलल्यापासून खुणेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या की ०.०२ सेकंदापर्यंतचा फरक कळतो. मात्र दर वेळी तीच जागा आणि तीच खूण.

किती आरपीएमवर सुटलात ते वहीत लिहा आणि त्यावर ठाम राहा. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचा की बंद, तेही दिवसभर एकच. चालू असेल तर चाक घसरायला लागताच इंजिनची ताकद कापली जाते, आणि तुम्हाला वाटतं हवा जमली.

तपासणी: तारीख, वेळ, हवेचं तापमान, चारही चाकांचा दाब, सुटतानाचे आरपीएम, ६० फूट, शेवटचा वेग. एका धावेला एक ओळ. यातला एक रकाना जरी रिकामा राहिला तरी ती धाव अर्धी गेली समजा.

टप्पा ८: दोन-दोननं खाली, मग एकानं

आता ओढणाऱ्या चाकांत २ पीएसआय कमी करा. दोन्हीकडे सारखं. बाकी काही नाही. धाव घ्या, लिहा. परत २ कमी. ६० फुटांचा वेळ कमी होत असेल तोवर खाली जात राहायचं. ज्या धावेला वेळ परत वाढला, तिथं थांबायचं आणि १ पीएसआय वर यायचं.

उदाहरण म्हणून आकडे धरू. ३२ वर ६० फूट २.४५ सेकंदात, ३० वर २.४१, २८ वर २.३८, २६ वर २.४२. मग तुमची जागा २७ ते २८. इथं घाईत "२६ वर क्लच नीट सुटला नाही" असं स्वतःला समजावत २४ करणारे पुष्कळ असतात. शंका असेल तर २६ वरच परत एक धाव घ्या, खाली जाऊ नका.

शेवटचा वेगही बघा. ६० फूट सुधारलं आणि वेग तोच राहिला तर पकड वाढलीय. ६० फूट किंचित सुधारलं पण वेग पडला, तर मऊ टायर पुढं पट्टीभर गाडीला मागं ओढतोय. तो सौदा तोट्याचा.

माझं मत स्पष्ट सांगतो. १.२ लिटरच्या साध्या, काही न केलेल्या पेट्रोल हॅचबॅकला २८ च्या खाली जाऊन फारसं काही मिळत नाही. तेवढी ताकदच नसते, की टायर घसरत राहील. उलट जास्त पकड झाली की गाडी सुटताना दबते, आरपीएम खाली कोसळतात आणि इंजिन परत फिरेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. टर्बो गाड्या आणि रिमॅप केलेल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरमधून ताकद वाढवलेल्या) डिझेल यांना मात्र हवेतून खरा फायदा होतो.

टप्पा ९: पट्टी आणि टायर काय सांगतायत ते वाचा

धाव झाल्यावर टायर परत तुमच्याशी बोलतो, पण पाचेक मिनिटंच. तेवढ्यात बघा. नक्षीचा मधला भाग जास्त घासलेला, कडांना धूळ तशीच: हवा जास्त. कडा काळ्या, तुकतुकीत आणि मध्ये धूळ: हवा कमी. इन्फ्रारेड बंदूक असेल तर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजा, मध्य जास्त तापला तर हवा जास्त. फक्त आतलीच कड तापत असेल तर हवेला दोष देऊ नका, अलाइनमेंट करून घ्या.

सुटायच्या जागेवरचे तुमचे काळे पट्टे मित्राला लांबूनच बघायला सांगा. एकाच चाकाचा पट्टा उमटत असेल तर ती साध्या डिफरन्शियलची (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरची) सवय आहे. दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे ना एवढं तपासा आणि पुढं चला.

चाकं उड्या मारत असतील, स्टिअरिंग थडथडत असेल, तर टायरच्या भिंती पिळून सुटतायत. लगेच पाय काढा. तसंच रेटलं तर ड्राइव्हशाफ्ट तुटतो. पुढच्या धावेला २ पीएसआय वाढवा किंवा आरपीएम कमी करा. दोन्ही एकदम नको.

पट्टीवर चिकट द्रव मारलेला असेल तर थोड्या जास्त हवेवरही पकड मिळते, आणि मऊ टायरचा तोटा टळतो. धुळीच्या, नुसत्या झाडलेल्या पट्टीवर थोडं खाली जावं लागतं. दुपारी पट्टी बदलली की सकाळचा आकडा पवित्र मानू नका.

टप्पा १०: बाकीची चाकं

पुढून ओढणाऱ्या गाडीत मागच्या चाकांत स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय जास्त ठेवा, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत. गाडी हलकी पळते आणि सुटताना मागं कमी बसते. चाळीस-पंचेचाळीसपर्यंत फुगवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पुढं मऊ, मागं दगडासारखं, अशा गाडीचा मागचा भाग पट्टीच्या शेवटी ब्रेक मारताना शेपूट हलवतो.

बाइकला पुढच्या चाकाची हवा कंपनीनं सांगितली तीच. सगळा ब्रेक तिथं आहे. मागं १-२ पीएसआयच्या पायरीनं खाली या. वेगात बाइक डोलायला लागली, तर ६० फूट कितीही छान येवो, मागची हवा वाढवायची.

टप्पा ११: बर्नआउट किती?

नक्षीच्या टायरला फार थोडा. दोन-तीन सेकंद, खडे आणि धूळ उडून जाईपर्यंत. धुराचे लोट फोटोपुरते. रस्त्याचं रबर जास्त तापलं की तेलकट होतं आणि पकड उलट कमी होते. पट्टीवर पाणी टाकलेली जागा असेल तर तिला वळसा घालून जा. स्लिकला पाणी चालतं, तुमच्या नक्षीत ते भरून राहतं आणि सुटायच्या रेषेवर येऊन गळतं.

बर्नआउटनंतर दाब एक ते तीन पीएसआय चढतो. चढू दे. रेषेवर उभं राहून तो "बरोबर" करायला खाली उतरायचं नाही. रांगेत मोजलेला आकडा हाच तुमचा आकडा. त्यातलं चढणं दर वेळी सारखं यावं म्हणून बर्नआउटही दर वेळी तेवढाच.

नेहमी दिसणाऱ्या चुका

हवा आणि आरपीएम एकाच धावेत बदलणं. वेळ सुधारला तर श्रेय कशाला द्यायचं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

गरम टायरची हवा सोडून तोच आकडा गार टायरचा म्हणून लिहिणं. महिन्याभरानं वही उघडली की त्या आकड्यावर गाडी लाकडासारखी किंवा चिखलासारखी वागते.

गेज तिरकं लावणं. फुस्स आवाज येत असेल तर मोजताना अर्धा-एक पीएसआय गेलेला असतो. सरळ दाबायचं, आवाज थांबला की वाचायचं. दोनदा मोजा, फरक आला तर तिसऱ्यांदा.

क्लच जळालेला असताना हवेशी खेळणं. गाडी कुठल्याही दाबावर सारखीच घसरत असेल किंवा आरपीएम चढून गाडी पुढं जात नसेल तर दोष टायरात नाही. गाडी मेकॅनिककडे न्या.

टप्पा १२: घरी जायच्या आधी

शेवटची धाव झाली की टायर गार होऊ द्या आणि चारही चाकं स्टिकरच्या दाबावर आणा. थांबायला वेळ नसेल तर गरम टायरात स्टिकरपेक्षा ३-४ जास्त भरून निघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरवर नीट करून घ्या. मागच्या चाकांतली वाढवलेली हवाही उतरवायची आहे, ते बऱ्याचदा राहून जातं. पावसात तसाच टायर लवकर घसरतो.

भिंतींवरून परत एकदा हात फिरवा, आतल्या बाजूनंही. चाकांचे नट पान्यानं तपासा. खडूची रेघ पुसू नका. घरी पोचल्यावर ती सरकलेली दिसली तर टायर रिमवरून उतरवून कड आतून बघायला सांगा, आणि पंक्चरवाल्याला कारण खरं सांगा, म्हणजे तो नुसतं वरवर बघून परत बसवणार नाही.